थेंब दिले, मग सुई कशाला?

परवा बहिणीच्या लेकीला दीड महिन्याची लस द्यायला कोथरूडच्या दवाखान्यात गेलो होतो. सिस्टरनी पोलिओचे दोन थेंब तोंडात टाकले, रोटाव्हायरसची लस पाजली आणि मग दंडावर बारीकशी सुई, तीपण पोलिओचीच! आई लगेच, "अहो सिस्टर, थेंब दिलेत ना, मग परत टोचताय कशाला?" मागे एवढी लाईन होती, त्या बिचाऱ्या काय सांगणार.

तर सुईने मुख्यतः रक्तात अँटीबॉडी बनतात, आयजीजी नावाच्या. व्हायरस रक्तात आला की त्या त्याला धरतात, मज्जातंतूंपर्यंत जाऊ देत नाहीत, म्हणजे पाय वाचला. पण आतड्यात तो वाढतच राहू शकतो आणि शीतून दुसऱ्यांपर्यंत जाऊ शकतो.

थेंबातला व्हायरस जिवंत पण कमजोर केलेला. तो आतड्यातच थोडा वाढतो, अस्तरातल्या एम सेल नावाच्या पेशी त्याला उचलून खालच्या पेयर्स पॅचमध्ये, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींच्या पुंजक्यात टाकतात, तिथे अँटीबॉडी बनवणाऱ्या बी सेल त्याला ओळखायला शिकतात आणि आयजीए, म्हणजे आतड्यात काम करणारी अँटीबॉडी, बनवायच्या तयारीला लागतात. मला भारी वाटतं ते पुढचं. या पेशी लसिकेतून रक्तात जातात, अंगभर फिरतात आणि परत आतड्यातच उतरतात, कारण शिकतानाच त्यांच्यावर अल्फा-4 बीटा-7 नावाचा रिसेप्टर येतो, जो आतड्यातल्या रक्तवाहिन्यांनाच चिकटतो. (पुणेकर जग हिंडून शेवटी पेठेतच, तसं.) दंडावर टोचून शिकलेल्या पेशींना हा पत्ता सहसा मिळत नाही. आतड्यात परतलेल्या पेशी आयजीए बनवतात, मग अस्तर ते आरपार ओढून आतड्याच्या पोकळीत सोडतं, वर प्रोटीनचं एक कव्हर चढवून, म्हणजे पाचकरसात पटकन तुटत नाही. मोठ्या माणसात हे दिवसाला 3 ते 5 ग्रॅम बनतं!

स्वाइन फ्लूनंतर 2010 मध्ये हडपसरच्या सीरमने नाकात मारायची नॅसोवॅक आणली, तिचंही तत्त्व हेच.

सुईत असतो तसा मेलेला व्हायरस नुसता गिळून मात्र फारसं काही होत नाही. आतडं रोज पोळी-भाजी बघतं, प्रत्येक गोष्टीवर चवताळलं तर जगणं अवघड, म्हणून ते बरंच काही सोडून देतं.

मग सुई का? एक तर 2016 पासून थेंबांत पोलिओच्या तीन प्रकारांपैकी टाइप 2 चा व्हायरस नाहीये, तो सुईतच आहे. आणि आधी थेंब घेतलेल्यांना सुई दिली की आतड्याची जुनी आठवण जागी होते. उत्तर प्रदेशातल्या मुलांमध्ये हे तपासलंय, सुईनंतर शीतून व्हायरस पडणं कमी झालं होतं.

रिक्षात आईला हे सगळं सांगितलं. "म्हणजे दोन्ही लागतं. मग एवढंच सांगायचंस की!"