जाड भिंत आणि इन्सुलेशन: एक उष्णता साठवते, दुसरं अडवतं

जुन्या घराच्या मालकापुढे इन्सुलेशनचा विषय काढला की तो उठून भिंतीवर थाप मारतो. "दीड फूट दगड आहे हा. याला कसलं इन्सुलेशन लावता?" थाप भरीव वाजते, भर दुपारी घरात गारवाही असतो, आणि वाद तिथेच मिटतो. कडक उन्हाचे सलग चार दिवस गेल्यावर मध्यरात्री त्याच पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावून बघा. ताप आलेल्या माणसाच्या कपाळासारखी लागते. बाहेर वारा सुटलेला असतो, आणि आत पलंग भिंतीपासून हातभर लांब सरकवावा लागतो. हिवाळ्यात उलटी तऱ्हा: हीटर दिवसभर चालू, तरी भिंतीकडे पाठ करून बसलं की पाठीतून गारठा शिरतो.

गोंधळ असा, की जाड भिंतीचा गुण आणि इन्सुलेशनचा गुण एकच असं आपण धरून चालतो. दोघंही "घर सांभाळतात" हे खरं, पण त्यांची कामं पार वेगळी आहेत. जड भिंत उष्णता साठवून घेते आणि उशिरा परत देते. इन्सुलेशन काहीच साठवत नाही. ते उष्णतेचा प्रवाह बारीक करतं. पाण्याच्या भाषेत सांगायचं तर भिंत ही टाकी आहे आणि इन्सुलेशन ही जवळजवळ बंद केलेली तोटी. टाकी मोठी असली म्हणून गळती कमी होत नाही, आणि तोटी बंद केली म्हणून टाकी भरत नाही.

आधी अडवण्याची गोष्ट. साहित्यातून उष्णता किती सहज वाहते ते मोजण्याचा आकडा असतो, उष्णतावहन गुणांक: वॉट प्रति मीटर प्रति केल्विन. ग्रॅनाइटसाठी तो साधारण २.५ ते ३, भाजलेल्या विटेसाठी ०.७ च्या आसपास, लाकडासाठी ०.१२ ते ०.१५, आणि काचलोकर, दगडी लोकर किंवा थर्माकोल यांच्यासाठी ०.०३५ ते ०.०४. स्थिर हवेचा फक्त ०.०२५. म्हणजे या लोकरींची आणि थर्माकोलची सगळी करामत त्यांच्यात अडकून पडलेल्या हवेची आहे. साहित्य हे नुसतं हवेला जागेवर बसवून ठेवण्याचं निमित्त.

आता भागाकार करा. पाच सेंटीमीटर काचलोकर जेवढा विरोध करते तेवढा विटेच्या भिंतीकडून हवा असेल तर ती नव्वद सेंटीमीटर जाड बांधावी लागेल. ग्रॅनाइटची? साडेतीन मीटरच्या वर. दीड फुटाच्या अभिमानाला या हिशोबात काही जागा उरत नाही.

पण साठवणीत हेच आकडे उलटे फिरतात. एक घनमीटर वीटकाम एक अंशाने तापवायला सुमारे १५ लाख ज्यूल लागतात. काचलोकरीचं वजन घनमीटरला काही दहा किलोंच्या घरातलं, तिच्यात साठवण जवळपास नाहीच. हा फरक घरात कसा जाणवतो? समजा थंड प्रदेशातल्या जुन्या घरात एका खोलीच्या बाहेरच्या भिंती चाळीस चौरस मीटर भरतात, पंचेचाळीस सेंटीमीटर जाडीच्या विटेच्या. म्हणजे अठरा घनमीटर वीटकाम. ते सगळं एका अंशाने चढवायला साडेसात युनिट वीज. एक किलोवॉटचा हीटर साडेसात तास चालला, आणि त्याची सगळी उष्णता भिंतीतच गेली असं मानलं, तर भिंत एक अंश चढेल. बंद पडलेल्या जुन्या घरात डिसेंबरात दोन रात्री राहायला गेलेली माणसं दोन्ही रात्री कुडकुडतात ती यामुळे. घर तापायला लागतं तोवर निघायची वेळ होते.

साठवणीचा खरा उपयोग कुठे, हे समजायला फ्रेंच गणिती जोसेफ फूरिये कामी येतो. उष्णता वाहण्याचं गणित त्याने १८२२ मध्ये ग्रंथरूपाने मांडलं. पृष्ठभागावर तापमान वरखाली होत असेल तर ती लाट आत शिरताना दोन गोष्टी होतात: लाट उशिरा पोचते आणि तिची उंची झपाट्याने घटते. विटेत ही लाट एका फुटाला साधारण दहा तास घेते. पंचेचाळीस सेंटीमीटर आत पोचेपर्यंत पृष्ठभागावरची वीस अंशांची चढउतार अर्ध्या अंशाच्याही खाली आलेली असते. दगडातून उष्णता जास्त वेगाने जाते, म्हणून दीड फूट ग्रॅनाइटला नऊच तास. दुपारी चारचं ऊन मध्यरात्र उलटता उलटता आत हजर होतं, सुरुवातीच्या त्या भिंतीसारखं.

ही झाली दिवस-रात्रीची लाट. उन्हाळा-हिवाळा हीही एक लाटच आहे, फक्त ३६५ दिवसांची. लाट किती खोल जाते ते तिच्या कालावधीच्या वर्गमुळावर अवलंबून असतं; ३६५ चं वर्गमूळ एकोणीस. म्हणजे दिवसाची लाट जिरवायला जेवढी जाडी पुरते, त्याच्या एकोणीस पट जाडी वर्षाच्या लाटेला लागेल. अशी भिंत कुणी बांधत नाही. खोल तळघरात जमीनच ते काम करते. जाड भिंत दिवस आणि रात्र यांची सरासरी काढून देते, ऋतूंची नाही. दिवसा चाळीस आणि रात्री अठरा असेल तर सरासरी एकोणतीस, आणि भिंतीचे उपकार मानावेत. पण दिवसा चौरेचाळीस आणि रात्री बत्तीस असेल तर सरासरी अडतीस. दिवसा उणे दोन आणि रात्री उणे बारा असेल तर उणे सात. सरासरीच वाईट असेल तिथे सरासरी काढणारी भिंत काय करणार?

म्हणून टोकाच्या हवामानात जुन्या घराला इन्सुलेशन लागतंच, भिंत कितीही जाड असो. आणि त्यासाठी फार जाड थर लागत नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्याच पंचेचाळीस सेंटीमीटर विटेच्या भिंतीतून बाहेर जाणारी उष्णता शंभर धरली, तर पाच सेंटीमीटर लोकर लावल्यावर ती अडतीस होते. दहा सेंटीमीटरला चोवीस. पंधराला सतरा. पहिल्या पाच सेंटीमीटरने जे होतं ते पुढच्या दहाने होत नाही. आत वीस आणि बाहेर उणे पाच असताना आधीच्या खोलीच्या भिंतींमधून साधारण १२०० वॉट जात होते, ते पाच सेंटीमीटरच्या थराने ४७० वर येतात. मोठ्या हीटरच्या जागी छोटा.

उलट बाजूनेही फसगत होते, तीही सांगायला हवी. नुसतं इन्सुलेशन असलेलं हलकं घर म्हणजे टाकी नसलेली तोटी. मंगोलियातला गेर, लोकरीच्या नमद्याचा गोल तंबू, हे त्याचं चोख उदाहरण. चूल पेटली की पाहता पाहता ऊब येते, विझली की ती तितक्याच लवकर निघून जाते. कोरड्या वाळवंटातलं मातीचं घर दुसऱ्या टोकाला: जाड, जड, सगळी मदार साठवणीवर आणि रात्रीच्या गारव्यावर. दोघांनीही आपापल्या हवेला बरोबर ओळखलं. आपण मात्र एकाच घराकडून दोन्ही ऋतू निभावून मागतो, तेव्हा दोन्ही गोष्टी लागतात, आणि त्या कोणत्या क्रमाने ठेवायच्या यावर सगळं येऊन ठेपतं.

थर भिंतीच्या बाहेरून लावला तर जड भिंत घराच्या आतल्या बाजूला राहते, पांघरुणात असल्यासारखी. उन्हाळ्यात ऊन तिच्यापर्यंत पोचतच नाही, हिवाळ्यात एकदा तापली की ऊब धरून ठेवते. आतून लावला तर भिंत घराबाहेर काढल्यासारखीच: तिची साठवण आपल्या उपयोगाची राहत नाही. खोली लवकर तापते, लवकर निवते. क्वचित वापरायच्या खोलीला हे चालेल, सोयीचंही आहे. रोज राहत्या घरात मी बाहेरूनच लावा म्हणेन. पण कोरीव दगडी दर्शनी भिंतीवर थर चढवायला कुणाचं मन होत नाही, वारसा म्हणून नोंद असेल तर परवानगीही मिळत नाही, आणि मग लोक आतून लावायला निघतात. खरा धोका तिथे आहे.

त्याच उणे पाचच्या रात्रीचा हिशोब करू. उघड्या विटेच्या भिंतीचा आतला पृष्ठभाग साधारण सोळा अंशांवर असतो. आतून पाच सेंटीमीटर लोकर लावली की लोकरीच्या मागचा विटेचा पृष्ठभाग तीन अंशांवर उतरतो. खोलीत वीस अंश आणि साठ टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेला बारा अंशांवर दव सुटतं. श्वास, स्वयंपाक, वाळत घातलेले कपडे यांची वाफ लोकरीतून आरपार जाते आणि त्या तीन अंशांच्या विटेवर पाणी होऊन बसते. बाहेरून थर लावला असता तर हीच वीट अठरा अंशांच्या वर राहिली असती.

हे पाणी दिसत नाही. आधी वास येतो, बंद पेटीतल्या जुन्या कपड्यांसारखा. मग बाहेरच्या भिंतीला टेकवलेलं कपाट पुढे ओढलं की मागे कोपऱ्यात काळे ठिपके, तळाशी दाट, वर विरळ. भिंतीत घुसलेली तुळयांची टोकं याहून वाईट, कारण ती दिसतच नाहीत. लाकूड आतल्या आत मऊ होत जातं. शिवाय ओली झालेली लोकर म्हणजे ओली गोधडी. पाण्यातून उष्णता हवेच्या चोवीस पट सहज वाहते, म्हणजे जवळजवळ विटेइतकीच. पैसे खर्चून लावलेला थर असा परत वीट होऊन जातो.

यावर उपाय म्हणून प्लास्टिकचा कागद ठोकण्याची सूचना हमखास येते. फक्त थंडी असलेल्या प्रदेशात आतल्या बाजूला बाष्परोधक पडदा लावतात, ते बरोबर आहे. पण उन्हाळ्यात एसी चालू असताना दमट हवेची वाफ बाहेरून आत यायला बघते आणि त्याच प्लास्टिकवर मागच्या बाजूने पाणी धरते. दोन्ही टोकं असलेल्या हवेत दोन्ही दिशांना वाळू देणारी रचना बरी: लाकडी तंतूंचे बोर्ड, चुन्याचा गिलावा, गरजेप्रमाणे वाफ सोडणारा पडदा. चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंती ओल पितात आणि सोडतात, त्यावर त्या टिकल्या आहेत. त्यांच्या दरजा सिमेंटने भरल्या आणि वर प्लास्टिक पेंट मारला की ओल आत कोंडते, गिलाव्याचे पोपडे निघू लागतात. त्यामुळे इन्सुलेशन लावण्याआधी गळकी पन्हळ, पायातली ओल आणि सिमेंटचे पापुद्रे यांचा बंदोबस्त करा. ओल्या भिंतीवर कुठलाच थर लावू नये, कुणी कितीही खात्री दिली तरी.

छताचं फार बोलत नाही, कारण तिथे वाद नाही. उन्हाळ्यात सूर्य भिंतींपेक्षा छतावर जास्त तळपतो, हिवाळ्यात गरम हवा वर जाऊन बसते, आणि पोटमाळ्यावर थर पसरणं हे सगळ्यात सोपं काम. सुरुवात तिथून. त्याहीआधी चौकटींच्या आणि दारांच्या फटी बुजवा, कारण वारा शिरत असेल तर लोकर काही करू शकत नाही. मात्र चुलीला, गिझरला लागणारी हवा आणि स्वयंपाकघरातला झरोका बंद करू नका. चकचकीत फॉइलबद्दल एवढंच, की ते किरणं परतवतं आणि त्यासाठी त्याच्यापुढे हवेची पोकळी लागते. दोन थरांच्या मध्ये चेपून बसवलेलं फॉइल फक्त चमकतं.

आणखी एक. इन्सुलेशनला दिशा कळत नाही. बाहेरची उष्णता जशी ते आत येऊ देत नाही, तशी आतली बाहेरही जाऊ देत नाही. स्वस्थ बसलेला माणूस साधारण शंभर वॉट उष्णता सोडतो. त्यात खिडकीतून येणारं ऊन, शेगडी, फ्रिज मिळवा. रात्री खिडक्या समोरासमोर उघडल्या नाहीत तर चांगलं इन्सुलेशन केलेलं घर उन्हाळ्यात आपल्याच उष्णतेत शिजतं, आणि लोक दोष थराला देतात. खिडकीवर सावली बाहेरून हवी. पडदा आतून लावला तर ऊन काचेतून आत आलेलंच असतं.

आपल्या घरात नक्की काय कमी आहे ते घरीच कळतं. दोन साधे थर्मामीटर घ्या, एक बाहेर सावलीत, एक आत खोलीच्या मध्यावर. हीटर, एसी काही लावू नका, खिडक्या बंद ठेवा, उन्हाच्या बाजूच्या झाकून टाका, आणि तीन दिवस दर दोन तासांनी आकडे कागदावर लिहा. आतली चढउतार बाहेरच्यापेक्षा खूपच लहान असेल आणि आतलं शिखर सात-आठ तासांनी मागून येत असेल, तर साठवण भरपूर आहे. मग भिंत पाडून नवी बांधायच्या भानगडीत पडू नका. त्यानंतर एका थंड रात्री हीटर लावून खोली वीसवर आणा, तो बंद करा आणि तासातासाला बघत राहा. हवा आणि भिंत दोन्ही तापलेली असूनही पारा भरभर खाली आला, तर प्रथम फटी, मग छत, मग भिंत या क्रमाने थर लावायला घ्या. हवाच गरम झाली होती आणि भिंत हाताला गारच लागत होती, तर हीटर तीन दिवस चालू ठेवून हीच चाचणी पुन्हा करा. पहिल्या रात्रीचा आकडा तुमच्या भिंतीने गिळला आहे.