मनाची जन्मतारीख मागे का सरकते?

डिसेंबर १९१२ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीसमोर एक कवटी मांडण्यात आली. ससेक्समधल्या पिल्टडाउन इथल्या खडीच्या खाणीत सापडलेली. कपाळ माणसाचे, जबडा वानराचा. माणसाचा पूर्वज असाच असणार, असे तेव्हाच्या अनेक ब्रिटिश विद्वानांना आधीपासून वाटत होते. त्यांच्या हिशेबाने आधी मेंदू वाढला, बुद्धी आली आणि मग तिच्या मागोमाग बाकीचे शरीर बदलले. हवे तेच हाती आल्यावर खोलात कोण शिरतो? १९५३ मध्ये नीट तपासणी झाली, तेव्हा कळले की कवटी बरीच अलीकडच्या माणसाची आणि जबडा ओरांगउटानचा आहे. दात कानशीने घासलेले होते आणि हाडे जुनी दिसावीत म्हणून रंगवलेली होती.

हा किस्सा लबाडीचा नमुना म्हणून सांगितला जातो. मला मात्र लबाडीपेक्षा तिच्यावर चाळीस वर्षे टिकलेला विश्वास जास्त बोलका वाटतो. मनाचे जीवाश्म होत नाहीत. त्याचा माग हाडांवरून, दगडांवरून, राखेवरून काढावा लागतो, आणि त्या वस्तूंत काय दिसेल हे पाहणाऱ्याच्या गृहीतकांवर बरेचसे ठरते.

पहिले गृहीतक हेच, आधी मेंदू आणि मग शरीर. खरा क्रम उलटा निघाला. दक्षिण आफ्रिकेतल्या टाउंग इथल्या चुनखडीच्या खाणीतून १९२४ मध्ये एका पिल्लाची कवटी शरीररचनातज्ज्ञ रेमंड डार्ट यांच्याकडे आली. तिच्यासोबत कवटीच्या पोकळीत खडक साचून तयार झालेला मेंदूचा साचाही होता. मेंदू छोटा, पण पाठीचा कणा कवटीला जोडणारे छिद्र तळाशी बरेच पुढे. म्हणजे प्राणी दोन पायांवर ताठ चालणारा. लंडनच्या बड्या मंडळींनी 'वानराचे पिल्लू' म्हणून त्याची बोळवण केली. पुढे १९७४ मध्ये इथिओपियात 'लूसी' नावाने ओळखला जाणारा, सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीच्या पूर्वजाचा सांगाडा सापडला, आणि टांझानियातल्या लाएटोलीला ज्वालामुखीच्या राखेत उमटलेली, छत्तीस लाख वर्षांहून जुनी पावले मिळाली. केनियात लोमेक्वी इथली दगडी हत्यारे ३३ लाख वर्षांपूर्वीची आहेत. त्या काळच्या आपल्या नातेवाइकांचा मेंदू साधारण चिंपांझीएवढा, चार-पाचशे घन सेंटिमीटरच्या आसपास होता. आज आपला सरासरी १३५० भरतो. पाय आधी, हात नंतर, डोके सगळ्यांत शेवटी.

मेंदूची मोठी वाढ गेल्या वीस लाख वर्षांतली, आणि ती स्वस्तात झालेली नाही. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के असलेला हा अवयव विश्रांतीतही सुमारे वीस टक्के ऊर्जा खातो. लेस्ली आयेलो आणि पीटर व्हीलर यांनी १९९५ मध्ये मांडले की हा खर्च आतड्यांनी सोसला: आहार सकस झाला, आतडी आखूड झाली आणि वाचलेली ऊर्जा मेंदूकडे वळली. रिचर्ड रँगम यांनी त्यात चुलीची भर घातली. त्यांच्या मते अन्न शिजवणे अठरा-एकोणीस लाख वर्षांपूर्वीच सुरू झाले असावे. कल्पना आकर्षक आहे, पण दक्षिण आफ्रिकेतल्या वंडरवर्क गुहेतला आगीचा भक्कम पुरावा दहा लाख वर्षांच्या आसपासचा आहे. मधल्या आठ-नऊ लाख वर्षांची राख सापडेपर्यंत ही गोष्ट मी पदरात अर्धीच घेईन.

बरे, एवढा खर्च करून मिळाले काय? 'हुशारी' हे उत्तर फसवे आहे. जपानमधल्या आयुमू नावाच्या तरुण चिंपांझीने २००७ मध्ये पडद्यावर क्षणभर चमकून गेलेल्या आकड्यांच्या जागा लक्षात ठेवण्यात विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना मागे टाकले होते. त्याच वर्षी मायकेल टोमासेलो यांच्या गटाने अडीच वर्षांची १०५ मुले, १०६ चिंपांझी आणि ३२ ओरांगउटान यांना सारख्याच कसोट्या दिल्या. जागा, संख्या, कार्यकारण यांत मुले आणि चिंपांझी जवळपास बरोबरीत राहिले. दुसऱ्याने करून दाखवलेले उचलणे, बोटाने दाखवलेल्या दिशेकडे पाहणे, समोरच्याचा हेतू ओळखणे यात मात्र मुले कितीतरी पुढे होती. माझ्या मते गेल्या काही दशकांतला हा फार मोलाचा प्रयोग आहे, कारण माणसाच्या मनाचे वेगळेपण तो एकट्याच्या डोक्यातून काढून दोघांच्या मध्ये आणून ठेवतो.

दुसरे गृहीतक युरोपचे. उत्तर स्पेनमधल्या अल्तामिरा गुहेच्या छतावरचे बायसन १८७९ मध्ये मार्सेलिनो सौतुओला यांच्या लक्षात आले. अश्मयुगीन माणूस इतके सुंदर काढूच शकत नाही, म्हणून त्यांच्यावर बनावटगिरीचे शिंतोडे उडाले. १९०२ मध्ये कडव्या टीकाकार एमिल कार्ताइयाक यांनी जाहीरपणे चूक कबूल केली, तोवर सौतुओला यांना जाऊन चौदा वर्षे झाली होती. मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. गुहाचित्रे, जर्मनीतला मॅमथच्या सुळ्यातून कोरलेला ३१ सेंटिमीटर उंचीचा सिंहमानव हे सगळे पाहून अभ्यासकांनी ठरवले की चाळीसेक हजार वर्षांपूर्वी युरोपात मनाचा अचानक 'स्फोट' झाला. वास्तविक तोवर खोदकाम सर्वांत जास्त युरोपातच झाले होते. जिथे दिवा, तिथेच किल्ली शोधायची, असा हा प्रकार.

सॅली मॅकब्रियर्टी आणि ॲलिसन ब्रूक्स यांनी २००० मध्ये आफ्रिकेतला पुरावा एकत्र मांडून ही क्रांती झालीच नसल्याचे म्हटले. पाठोपाठ दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची ब्लॉम्बोस गुहा बोलू लागली. तिथे सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीचे गेरूचे तुकडे मिळाले, त्यांवर एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेघांची नीट आखणी. भोके पाडलेले बारके शिंपले मिळाले, दोऱ्यात ओवून वापरल्याने झिजलेले. आणि एक लाख वर्षांपूर्वीचा रंगकामाचा अख्खा संच: दोन मोठ्या शिंपल्यांत गेरूची पूड, ठेचलेले हाड आणि कोळसा, शेजारी वाटण्याचे दगड. हाड तापवून ठेचलेले, मिश्रण द्रवात कालवलेले. कुणीतरी सामान वेगवेगळ्या ठिकाणांहून जमवले होते, म्हणजे रंग तयार होण्याआधी तो डोक्यात तयार होता. चित्रांचा मानही आता युरोपकडे उरलेला नाही. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरचे एक गुहाचित्र किमान ५१,२०० वर्षांपूर्वीचे ठरले आहे.

कवटीही हेच सांगते. मोरोक्कोतल्या जेबेल इरहूदच्या सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीच्या माणसांचा चेहरा आपल्यासारखा, मेंदूचे आकारमानही आपल्याएवढे, पण कवटी लांबट. तिला आजची गोलाई हळूहळू आली, आणि ती एक लाख ते पस्तीस हजार वर्षांपूर्वीच्या काळात पूर्ण झाली. यात एका रात्रीत काही घडल्याची खूण नाही.

तिसरे गृहीतक, हे सगळे फक्त आपल्याच प्रजातीचे, होमो सेपियन्सचे. इराकमधल्या शानिदार गुहेतला एक निअँडरथल (आपल्याला जवळची, आता नामशेष झालेली मानवप्रजाती) पुरुष एका हाताने लुळा आणि बहुधा एका डोळ्याने आंधळा असूनही चाळिशीपर्यंत जगला; सोबत्यांनी सांभाळल्याशिवाय हे कठीण होते. यूजीन द्युब्वा यांनी १८९० च्या दशकात जावा बेटावरून नेलेले शिंपले शंभरेक वर्षे नेदरलँड्समधल्या संग्रहात पडून होते. त्यांतल्या एकावर नागमोडी कोरीव रेघ असल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. वय सुमारे पाच लाख वर्षे, कोरणारा होमो इरेक्टस, म्हणजे आपल्याहून जुन्या मानवप्रजातीचा. त्या रेघेला अर्थ होता की नुसता चाळा, हा वाद चालू राहील. हात मात्र आपला नव्हता.

निसर्गनिवडीची कल्पना डार्विनसोबत मांडणाऱ्या आल्फ्रेड वॉलेस यांनी १८६९ मध्ये डार्विनला अडचणीत टाकणारा प्रश्न काढला होता: शिकारीवर जगणाऱ्या माणसाला गरजेपेक्षा मोठा मेंदू निसर्गनिवडीने दिलाच कसा? गणित, तत्त्वज्ञान यांचा तेव्हा उपयोग काय? वॉलेस यांनी उत्तरासाठी अलौकिक शक्तीकडे धाव घेतली. उत्तराचा एक धागा पुढे भलत्याच ठिकाणी सापडला. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानातल्या निरक्षर शेतकऱ्यांना विचारले: उत्तरेकडे बर्फाच्या प्रदेशातली सगळी अस्वले पांढरी असतात, नोवाया झेमल्या तिथेच आहे, तर तिथली अस्वले कोणत्या रंगाची? शेतकऱ्यांचे म्हणणे साधारण असे, की आम्ही काळे अस्वल पाहिले आहे. न पाहिलेल्याबद्दल काय सांगणार? बुद्धीत काही उणे नव्हते. फक्त दिलेल्या वाक्यांच्या चौकटीतच विचार करण्याचा हा खेळ त्यांना कुणी शिकवला नव्हता. त्याच भागातल्या थोडीशी शाळा झालेल्यांना तो सहज जमत होता. म्हणजे अशी कौशल्ये मेंदूत तयार येत नाहीत, जुन्याच मेंदूला ती शिकवावी लागतात.

लेखनाचे वय जेमतेम पाच हजार वर्षे. त्यासाठी वेगळा अवयव घडायला ही मुदत फारच अपुरी. वाचताना डाव्या मेंदूच्या तळाकडचा एक भाग अक्षरांसाठी राखला जातो, आणि न वाचणाऱ्यांत तोच भाग चेहरे आणि वस्तू ओळखण्याच्या कामी येतो. स्तानिस्लास देहान यांच्या गटाने २०१० मध्ये ब्राझील आणि पोर्तुगालमधल्या प्रौढांचे मेंदू तपासले, तेव्हा मोठेपणी वाचायला शिकलेल्यांतही हा फेरबदल झालेला आढळला.