चांदीचं नाणं आणि भूछत्र

पावसाळा लागला, चोरल-पाताळपाणीच्या सहली सुरू झाल्या, की आपल्या इंदूरच्या घराघरांत एक निरोप फिरतो: भूछत्रं उकळताना चांदीचं नाणं किंवा लसूण टाका, काळं पडलं तर विषारी, नाहीतर खुशाल खा.

हे खरं नाही. चांदी काळी पडते ती गंधकाच्या संयुगांमुळे. घरीच बघा: उकडलेल्या अंड्याच्या गरम बलकात चांदीचा चमचा ठेवा, तो काळवंडेल. अंडं काही विषारी नसतं. लसणाचा रंगही आंबटपणानं हिरवा-निळा होतो, हे लोणचं घालणाऱ्यांना ठाऊक आहे. उलट अमाटॉक्सिन हे भूछत्रांतलं सर्वांत घातक विष चांदीला शिवतही नाही, आणि उकळून नष्टही होत नाही. त्याच्या उलट्या-जुलाब साधारण 6 ते 24 तासांनी सुरू होतात, मध्येच बरं वाटतं आणि तेवढ्यात यकृत निकामी होऊ लागतं. मला सगळ्यात भीती या फसव्या उताराची वाटते.

हिरवळीवरची मोठी पांढरी छत्री ओळखायची असेल तर टोपी पांढऱ्या कागदावर रात्रभर झाकून ठेवा. हिरवट भुकटी पडली तर ती विषारी जात. पण भुकटी पांढरी पडली म्हणून खाऊ नका. अमाटॉक्सिनवाल्या काही जातींचीही पांढरीच असते. खायची अळंबी बाजारात लागवडीचीच घ्या.