ब्रिटिश नागरिकत्वाचा अर्ज: पात्रता, कागदपत्रं आणि सध्याच्या वादातून नेमकं काय बदलतं

'नियम बदलायच्या आत अर्ज टाकून मोकळं व्हावं का?' ब्रिटनमधल्या मराठी घरांत हा प्रश्न सध्या सारखा निघतो, आणि त्याला कारणही आहे. 12 मे 2025 ला स्थलांतरावरची श्वेतपत्रिका मांडताना पंतप्रधान कीर स्टार्मर यांनी देश 'अनोळखी माणसांचं बेट' होण्याचा धोका बोलून दाखवला. नंतर त्या शब्दांबद्दल त्यांनीच खेद व्यक्त केला. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षानं नागरिकत्वापर्यंतची वाट 15 वर्षांची करण्याची मागणी केली. सप्टेंबरमध्ये रिफॉर्म यूके पक्षानं तर कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे आयएलआर, मुळातच रद्द करू अशी घोषणा केली. त्याच उन्हाळ्यात इंग्लंडभर दिव्यांच्या खांबांवर सेंट जॉर्जचा क्रॉस आणि युनियन जॅक फडकू लागले. कुणासाठी तो साधा देशाभिमान होता, तर कुणाला त्यात 'तुम्ही इथले नाही' असा निरोप दिसला.

अशा वातावरणात भाषण, प्रस्ताव आणि कायदा यांची सरमिसळ होते आणि माणसं उगाच धास्तावतात. श्वेतपत्रिकेतला मुख्य प्रस्ताव आयएलआरसाठीची पाच वर्षं दहा करण्याचा होता. नोव्हेंबर 2025 मध्ये गृहमंत्री शबाना महमूद यांनी त्याचा तपशील मांडून लोकांची मतं मागवली. ज्यांच्या हातात आयएलआर आधीच आहे त्यांना हा बदल लागू नसेल, असं तेव्हा सांगितलं गेलं. तुम्ही अजून वर्क व्हिसावर असाल, तर मात्र तुमच्यासाठी हीच सगळ्यात महत्त्वाची बातमी आहे. अर्जाच्या आदल्या आठवड्यात सरकारच्या संकेतस्थळावर त्या दिवशीचा नियम स्वतः वाचा. व्हॉट्सॲपवर फिरत आलेल्या माहितीवर विसंबू नका.

पात्रता कुणाची

नागरिकत्वाचा पाया 1981 चा ब्रिटिश नॅशनॅलिटी ॲक्ट आहे. त्याच्या कलम 6 मध्ये दोन वाटा आहेत. पहिली सर्वसाधारण: वय 18 पूर्ण, ब्रिटनमध्ये पाच वर्षं वास्तव्य आणि आयएलआर मिळून 12 महिने झालेले. दुसरी ब्रिटिश नागरिकाच्या पती किंवा पत्नीसाठी: वास्तव्य तीन वर्षांचं पुरतं आणि अर्जाच्या दिवशी हातात आयएलआर असला की झालं, पुढचे 12 महिने थांबावं लागत नाही.

घोळ होतो तो दिवसांच्या हिशोबात. पाच वर्षांत देशाबाहेर 450 पेक्षा जास्त दिवस नकोत (जोडीदाराच्या वाटेनं तीन वर्षांत 270), आणि शेवटच्या 12 महिन्यांत 90 पेक्षा जास्त नकोत. स्किल्ड वर्कर व्हिसावरून आयएलआर घेताना मर्यादा कुठल्याही 12 महिन्यांत 180 दिवसांची असते. त्यामुळे आयएलआर बिनबोभाट मिळाला म्हणजे नागरिकत्वालाही अडचण नाही, असं धरून चालू नका. घरी आजारपण म्हणून किंवा गावाकडून काम करता येत होतं म्हणून जे लांब मुक्काम करून आले, त्यांचा आकडा इथेच ओलांडतो. एक दिलासा असा की निघायचा आणि परत यायचा दिवस गैरहजेरीत धरत नाहीत, फक्त मधले पूर्ण दिवस मोजतात.

दुसरी अट अनेकांच्या लक्षातच येत नाही: पाच वर्षांच्या मुदतीच्या पहिल्या दिवशी तुम्ही प्रत्यक्ष ब्रिटनमध्ये असायला हवं. समजा अर्ज 10 नोव्हेंबर 2026 ला होम ऑफिसला, म्हणजे ब्रिटिश गृहखात्याला, मिळाला. मग 11 नोव्हेंबर 2021 ला तुम्ही ब्रिटनच्या भूमीवर असलं पाहिजे. त्या वर्षी लक्ष्मीपूजन 4 नोव्हेंबरला होतं. भाऊबीज उरकून आणखी आठवडाभर पुण्यात राहिलेल्या माणसाचा अर्ज निव्वळ या एका तारखेवर अडकू शकतो. यात सूट मिळते, पण क्वचित. त्यापेक्षा जुने शिक्के आणि विमानांच्या तिकिटांचे ईमेल काढून तारखांचा तक्ता करा आणि गरज पडली तर अर्ज पंधरा दिवस पुढे ढकला.

भाषा आणि परीक्षा

इंग्रजी बोलणं-ऐकणं बी1, म्हणजे मध्यम, पातळीचं असल्याचा पुरावा लागतो. मान्यताप्राप्त चाचणी किंवा ब्रिटनमधली पदवी चालते. भारतातली पदवी इंग्रजी माध्यमातली असली तरी ती नुसती जोडून भागत नाही, त्यावर एक्टिस या परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. आयएलआरच्या वेळी हा पुरावा दिला असेल तर तोच पुन्हा चालतो. 65 वर्षांवरच्यांना भाषेचा पुरावा आणि पुढची परीक्षा दोन्ही माफ आहेत.

'लाइफ इन द यूके' ही परीक्षा 24 प्रश्नांची, 45 मिनिटांची. 18 उत्तरं बरोबर आली की पास. फी 50 पौंड, आणि एकदा पास झालात की निकालाची मुदत संपत नाही. ही परीक्षा कुठून आली हे माहीत असावं. 2001 च्या उन्हाळ्यात ओल्डहॅम, बर्नली आणि ब्रॅडफर्डमध्ये दंगली झाल्या. त्यानंतर डेव्हिड ब्लंकेट गृहमंत्री असताना 2002 चा कायदा आला. त्यातून नागरिकत्वाचा समारंभ 2004 मध्ये आणि ही परीक्षा 2005 मध्ये सुरू झाली. ब्रिटिश असणं म्हणजे काय, हे सरकारनं पहिल्यांदाच अभ्यासक्रमासारखं लिहून काढलं. लोकशाही, कायद्याचं राज्य, व्यक्तिस्वातंत्र्य, सहिष्णुता आणि समाजजीवनात सहभाग ही त्यातली पाच मूल्यं. 2022 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या एका समितीनं परीक्षेच्या अधिकृत पुस्तकावर कडक टीका केली, आणि ती मला पटते. राजांची सनावळी पाठ केल्यानं कुणी चांगला शेजारी होत नाही. तरी त्याच पुस्तकात 1810 मध्ये लंडनच्या जॉर्ज स्ट्रीटवर हिंदुस्तानी कॉफी हाउस उघडणारा शेख दीन मोहम्मदही भेटतो. 'आपण इथे कालपरवा आलो' असं ज्यांना वाटतं त्यांनी ते पान जरूर वाचावं.

चारित्र्य म्हणजे नेमकं काय तपासतात

गुन्हे, करचुकवेगिरी, जुन्या अर्जांतली खोटी माहिती आणि व्हिसाच्या अटींचा भंग. फेब्रुवारी 2025 पासून मार्गदर्शक सूचना कडक झाल्या. बेकायदा मार्गानं देशात आलेल्यांचा अर्ज आता साधारणपणे नाकारला जातो, मग त्या गोष्टीला कितीही वर्षं झालेली असोत. आपल्याकडच्या बहुतेकांना काळजी घ्यायची ती कराची. व्हिसाच्या अर्जात दाखवलेलं उत्पन्न आणि कर खात्याला कळवलेलं उत्पन्न जुळलं नाही म्हणून काही वर्षांपूर्वी भारतीय उपखंडातल्या अनेक उच्चशिक्षितांना आयएलआर नाकारला गेला होता. त्यातले काही जण अपील कोर्टापर्यंत गेले. तेव्हा जुनी कर-विवरणं काढून ताळमेळ बघा. चूक सापडली तर लपवू नका, खुलासा जोडा.

यात तुम्ही कोणत्या संघाला पाठिंबा देता हे विचारत नाहीत. 1990 मध्ये नॉर्मन टेबिट या नेत्यानं स्थलांतरितांची निष्ठा क्रिकेटवरून जोखायची कल्पना मांडली होती आणि ती आजही वादात डोकं वर काढते. कायद्यात तिला कधीच जागा मिळाली नाही. लॉर्ड्सवर भारताचा तिरंगा घेऊन बसलात तरी तुमच्या अर्जाला काही होत नाही.

कागदपत्रं

अर्ज एएन नावाच्या फॉर्मवर, ऑनलाइन भरायचा. पासपोर्ट (मुदत संपलेलेही), भाषेचा पुरावा, परीक्षेचा संदर्भ क्रमांक, जोडीदाराच्या वाटेनं असाल तर विवाहाचा दाखला आणि जोडीदाराचा पासपोर्ट. आयएलआर आता प्लास्टिकच्या कार्डावर नसतो, ई-व्हिसात, म्हणजे ऑनलाइन नोंदीत, असतो. तुमच्या खात्यात नाव आणि पासपोर्ट क्रमांक बरोबर आहे ना, ते आधी पाहा. वडिलांचं नाव मधे लिहायची आपली पद्धत असल्यानं एका कागदावर तीन नावं आणि दुसऱ्यावर दोनच, असं नेहमी होतं. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी सगळे जुने कागद जोडावेत.

दोन रेफरी, म्हणजे तुमची ओळख पटवून देणारी माणसं, लागतात आणि दोघंही तुम्हाला किमान तीन वर्षं ओळखणारे हवेत. एक जण शिक्षक, डॉक्टर, अकाउंटंट अशा मान्य पेशातला, त्याचं नागरिकत्व कुठलंही चालतं. दुसऱ्याकडे ब्रिटिश पासपोर्ट हवा आणि तो अशा पेशातला किंवा 25 वर्षांवरचा हवा. नातेवाईक चालत नाहीत, तुमचा वकीलही नाही, आणि ते दोघं एकमेकांचे नातलगही नकोत.

कागद जपण्याबद्दल इतकं बजावतो त्याला विंडरश प्रकरण कारण आहे. कॅरिबियन बेटांवरून लहानपणी आलेल्या, आयुष्यभर इथे काम केलेल्या लोकांना 2018 पर्यंत नोकरीवरून काढलं गेलं, काहींना देशाबाहेरही पाठवलं गेलं, कारण हक्क असूनही कागद नव्हता. पगाराच्या पावत्या आणि काउन्सिल टॅक्सची बिलं फेकू नका.

फी, निकाल आणि शपथ

एप्रिल 2025 मध्ये फी 1,605 पौंड आणि समारंभाचे 130 होते. हे आकडे बहुधा दर एप्रिलमध्ये वाढतात. अर्ज नाकारला तर फक्त समारंभाचे पैसे परत मिळतात. बोटांचे ठसे आणि फोटो दिल्यावर निकालाला साधारण सहा महिने लागतात. मग तीन महिन्यांच्या आत काउन्सिलच्या समारंभाला जायचं. तिथे राजे चार्ल्स यांच्याशी निष्ठेची शपथ घ्यायची. देवाचं नाव नको असेल तर प्रतिज्ञा करता येते. त्यानंतर एक वचन म्हणायचं: मी युनायटेड किंगडमशी निष्ठावान राहीन, इथल्या हक्कांचा आणि स्वातंत्र्याचा आदर करीन, लोकशाही मूल्यं जपीन, कायदे पाळीन. देशप्रेमावर इतका गदारोळ चालू असताना राज्यसंस्था नव्या नागरिकाकडून अधिकृतपणे मागते ते एवढंच. त्यात वंश, धर्म, रंग, घरात बोलायची भाषा यांतलं काहीच नाही. वाद घालणाऱ्या सगळ्यांनी हे वचन एकदा वाचावं, असं मला मनापासून वाटतं.

भारताच्या बाजूनं

1955 च्या नागरिकत्व कायद्यातल्या कलम 9 प्रमाणे परदेशी नागरिकत्व घेताच भारतीय नागरिकत्व संपतं. भारतीय पासपोर्टवर त्यानंतर प्रवास करणं गुन्हा आहे. तो जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं, मग ओसीआयचा, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डाचा, अर्ज. ओसीआय हाती येईपर्यंत भारतात जायला व्हिसा लागतो, म्हणून समारंभाच्या लगेच पुढची तिकिटं काढू नका. ओसीआयवर भारतात मतदान नाही. शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसानं येऊ शकते, म्हणून सातबाऱ्यावरचे वारसाचे विषय आधीच गावी बोलून ठेवा.

आणि एक गोष्ट, जी फार थोड्यांना ठाऊक असते: भारत राष्ट्रकुलात असल्यानं ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला संसदेच्या निवडणुकीतही मत देता येतं, ब्रिटिश पासपोर्ट नसतानाही. स्थलांतराचे नियम ठरवणाऱ्या खासदारांना निवडण्याचा हा हक्क तुमच्याकडे आजच आहे. काउन्सिलच्या मतदारयादीत नाव नसेल तर ते या आठवड्यात ऑनलाइन घाला. त्याला एक पौंडही लागत नाही.