पर्णमुद्रण (गोधडीसाठी)

ताज्या पानाचा आकार, शिरा आणि रंग थेट कापडावर उतरवण्याची पद्धत. पाने कापडात घट्ट गुंडाळून वाफवण्याचा आजचा प्रकार ऑस्ट्रेलियातील कलावंत इंडिया फ्लिंट यांच्यामुळे जगभर पोचला. गोव्यात त्याला लागणारी तुरट पानांची झाडे आणि जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवणारे हात, दोन्ही घरचेच आहेत.

ठसा उमटतो तो मुख्यतः टॅनिनमुळे. पानातल्या या तुरट द्रव्याची लोखंडाशी गाठ पडली की करडा ते काळा रंग तयार होतो. माट्टी (ऐन), जांभूळ, पेरू, काजू ही सगळी या कामाची झाडे. सागाची गोष्ट वेगळी : त्याचे कोवळे पान चुरगळले की बोटे लाल होतात, आणि कापडावरही लालसर-जांभळट छटा येते. मात्र ही पालवी पावसाच्या तोंडावर फुटते, म्हणजे कापड वाळवायची पंचाईत होते तेव्हाच. पाने परसातली किंवा कुळागरातली (सुपारी-नारळाच्या बागेतली) घ्यावीत. मोले, म्हादई यांसारख्या अभयारण्यांतून विनापरवाना पाने तोडायला १९७२च्या वन्यजीव कायद्याने मनाई आहे.

रेशीम आणि लोकर रंग सहज धरतात, सुती कापड धरत नाही. आणि गोधडी तर सुतीच हवी. त्यामुळे खरी मेहनत ठशाच्या आधीची. कापड धुण्याच्या सोड्यात उकळून त्यातली खळ व तेलकटपणा काढतात. मग कोरड्या कापडाच्या वजनाच्या १५ ते २० टक्के टॅनिनयुक्त हिरडापूड पाण्यात कालवून त्यात ते भिजवतात, नंतर तुरटीच्या पाण्यात. पाने हिराकशीच्या (लोखंडाच्या क्षाराच्या) अगदी सौम्य पाण्यातून काढून, शिरा उठावदार असलेली खालची बाजू कापडाला लागेल अशी मांडतात. वर दुसरे कापड, मग काठीभोवती गुंडाळी आणि सुतळीचे करकचून वेढे. सैल गुंडाळीत वाफेचे पाणी शिरून ठशाच्या कडा फुटतात. दीड-दोन तास वाफवून गुंडाळी पूर्ण निवल्यावरच सोडावी. हे भांडे पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये. विहिरीच्या पाण्यात लोह असेल तर हिरडा लावलेले कापड आधीच काळवंडते; अशा ठिकाणी पावसाचे साठवलेले पाणी बरे.

हातोडीने पान ठोकूनही हिरवागार ठसा मिळतो. पण हरितद्रव्य उन्हात टिकत नाही, म्हणून रोज अंगावर घ्यायच्या गोधडीसाठी वाफेचाच ठसा घ्यावा. हिराकस जास्त झाली तर धागा कुजतो, हेही गोधडीच्या आयुष्याशी निगडित आहे.

ठसे सावलीत वाळवून, काही दिवस तसेच ठेवून मग सौम्य साबणाने धुतात. कापड आटायचे तेवढे आटल्यावर तुकडे कापावेत, आणि शिवणीत जाणारा पाव इंच सोडून पान मध्ये येईल असे बेतावेत. धावदोरा पानाच्या शिरांवरून घातला तर थर एकमेकांना धरून राहतात आणि फिकट ठसाही उठून दिसतो.