मेमरी टायमिंग

मेमरी टायमिंग : डीरॅम (संगणकाच्या मुख्य मेमरीत, म्हणजे रॅममध्ये, वापरली जाणारी) प्रकारच्या मेमरीला एक आज्ञा दिल्यानंतर पुढची आज्ञा देईपर्यंत किंवा माहिती हाती येईपर्यंत किती क्लॉक सायकल (मेमरीच्या घड्याळाचे ठोके) थांबावे लागते, हे सांगणारे आकडे. रॅमच्या लेबलवर ते 16-18-18-38 असे छापतात; अनुक्रमे सीएल, टीआरसीडी, टीआरपी आणि टीआरएएस.

एक ट्रान्झिस्टर व एक कपॅसिटर असलेली डीरॅमची पेशी आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात मांडली. तिचे अमेरिकी पेटंट 1968 चे आहे. पेशी ओळी व स्तंभांत मांडलेल्या असतात; ओळीचा आणि स्तंभाचा पत्ता त्याच पिनांवरून पाठोपाठ पाठवण्याची पद्धत मात्र 1973 च्या सुमारास आलेल्या मॉस्टेकच्या 4096 बिटांच्या चिपपासून रूढ झाली, असे सामान्यतः मानतात. आजच्या टायमिंगची विभागणी याच पद्धतीतून आली आहे. आधी ओळ उघडते (टीआरसीडी), मग स्तंभ निवडल्यावर माहिती बाहेर येते (सीएल). दुसरी ओळ हवी असल्यास पहिली बंद करून बिटलाइन (पेशींतील भार वाहून नेणाऱ्या तारा) पूर्वस्थितीत आणाव्या लागतात (टीआरपी).

टीआरएएस हा यातला सर्वांत वादग्रस्त आकडा. ओळ वाचताना पेशींतला विद्युतभार नष्ट होतो आणि सेन्स अॅम्प्लिफायर (पेशीचा क्षीण संकेत वाढवणारे परिपथ) तो परत भरतो. तेवढा वेळ ओळ उघडी राहिलीच पाहिजे. ओव्हरक्लॉकिंग (ठरलेल्या गतीपेक्षा अधिक गतीने चालवणे) करणाऱ्यांत त्यासाठी ‘सीएल + टीआरसीडी + 2’ हे सूत्र फार काळ चालत आले आहे. दुसऱ्या मतानुसार टीआरसीडीमध्ये टीआरटीपी, म्हणजे वाचनाच्या आज्ञेपासून ओळ बंद करण्यापर्यंतचा किमान अवधी, मिळवावा. डीडीआर4-3200 च्या जेडेक (मेमरीची प्रमाणे ठरवणारी संस्था) प्रमाणातील 22-22-22-52 या आकड्यांवर ही सूत्रे लावली, तर अनुक्रमे 46 आणि (टीआरटीपी 12 धरून) 34 येतात. 52 कशानेच येत नाही. प्रमाणात टीआरएएस किमान 32 नॅनोसेकंद असा स्वतंत्रपणे दिला आहे, आणि 52 हे त्याचेच सायकलींत केलेले रूप. शिवाय माहिती बाहेर येण्यास लागणाऱ्या वेळेचा भार परत भरण्याशी थेट संबंध नाही. त्यामुळे सीएलवर आधारलेले सूत्र अंदाजापुरतेच धरणे योग्य.

आकडे सायकलींत असल्याने वेगवेगळ्या गतींच्या रॅमची तुलना नॅनोसेकंदांतच करावी : सीएलला 2000 ने गुणून सेकंदाला होणाऱ्या दशलक्ष हस्तांतरणांच्या संख्येने (रॅमच्या नावातील 3200 सारखा आकडा) भागावे. डीडीआर-400 सीएल 2, डीडीआर4-3200 सीएल 16 आणि डीडीआर5-6000 सीएल 30 या तिन्हींचे उत्तर 10 नॅनोसेकंदच येते. पिढ्यांगणिक बँडविड्थ (सेकंदाला नेता येणारी माहिती) अनेक पटींनी वाढली, पेशीपर्यंत पोचण्याचा वेळ मात्र फारसा घटला नाही.

मॉड्यूलवरील एसपीडी चिपमध्ये प्रमाणित टायमिंग नोंदलेले असते. एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल बायॉसमधून निवडल्यास उत्पादकाने दिलेले अधिक वेगवान आकडे लागू होतात.