वाळूत हळू चालवणं सुरक्षित नाही

‘वाळू लागली की वेग कमी करा, पाय टेकवत सरका’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. जड मोटरसायकलवर एकटं निघालेल्याला नेमका तोच आडवा पाडतो.

ऑस्ट्रेलियाच्या सिम्पसन वाळवंटात सुमारे ११०० वाळूच्या टेकड्या ओलांडायच्या असतात. वेग तुटला की पुढचं चाक रुततं, हँडल झटक्यात वळतं आणि २४९ किलोची बीएमडब्ल्यू आर १२५० जीएस कलते. उचलायला दुसरं कुणी नसतं!

फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभे राहा, वजन मागे, नजर लांब, थ्रॉटल (वेग देणारी मूठ) एकसारखा. टायरमधली हवा आधीच कमी करा. रबर पसरतं, चाक कमी रुततं. पुढे खडक लागले की हवा परत भरायची, त्यासाठी छोटा पंप हवाच. माथ्यावर मात्र वेग आवरा, पलीकडून येणारी गाडी दिसत नाही.